थांबलेल्यांची पंगत

वीजकेंद्रात नोकरी केलेल्या माणसाला संध्याकाळ आकाशाआधी आलेखावर दिसते. नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात नियंत्रण कक्षातून आकाश दिसत नसे. पण सहा-साडेसहा वाजले की भाराची रेघ चढू लागायची आणि आम्ही ओळखायचो, बाहेर दिवेलागण झाली. कळव्याच्या भारप्रेषण केंद्रातून फोन येई, बॉयलरवाला कोळशाची आणखी एक गिरणी चालू करी, आणि वारंवारता पन्नास हर्ट्झच्या आसपास राहावी म्हणून सगळ्यांची नजर एका काट्यावर खिळलेली असे. लक्षावधी माणसे एकमेकांना न विचारता एकाच घटकेला एकच गोष्ट करतात, याचा प्रत्यय मला तिथे रोज येई. एकलहऱ्याचे पहिले दोन संच १९७०-७१ सालचे, एकशेचाळीस मेगावॉटचे. मग १९७९ ते १९८१ या काळात दोनशेदहाचे तीन आले. गोदावरीचे पाणी अडवून थंडाव्याला घ्यायचे, कोळसा रेल्वेने यायचा, आणि कॉलनीतल्या दोऱ्यांवर वाळणाऱ्या कपड्यांवर राखेचा पातळ थर बसायचा. माझे उमेदीचे सगळे दिवस याच जागी गेले.

निवृत्तीनंतर ओमानमधल्या सूर या बंदराच्या गावी, वायूवर चालणाऱ्या केंद्रात काही काळ काम केले. तिथे कोळसा नव्हता, राख नव्हती, आणि रमजान लागला तेव्हा संध्याकाळची रेघही माझ्या ओळखीची राहिली नाही. आखातात रमजानच्या महिन्यात भाराच्या आलेखाचा आकारच बदलतो. दिवसाचा जोर ओसरतो, रात्र उशिरापर्यंत जागी राहते, आणि मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, सुमारास रेघ थोडी वाकते. एकलहऱ्याला दिवेलागणीला रेघ चढायची, इथे त्याच वेळी ती दम घ्यायची. रस्ते ओस पडायचे, दुकानांचे दरवाजे ओढले जायचे, आणि सारे गाव हातातले काम ठेवून कुठे ना कुठे बसलेले असायचे. मी ते आकड्यांत पाहत होतो. ज्या घरांमुळे ती रेघ वाकत होती त्यांतल्या एका घरात जाऊन बसण्याचा योग पुढे आला.

जूनमधला रमजान होता. पहाटे चारच्या आधी सहेरी आटपायची आणि सातला थोडी मिनिटे उरताना रोजा सोडायचा. मधले जवळजवळ पंधरा तास पाण्याचा थेंब नाही, आणि बाहेर पारा चाळिसाच्या वर. ओमानच्या कायद्याने रमजानमध्ये मुस्लिम कामगाराला दिवसाला सहा तासांहून जास्त काम देता येत नाही. जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावरची कामेही बंद असतात. तरीही वीजकेंद्र चालूच ठेवावे लागते. माझ्या पाळीतला एक तरुण ऑपरेटर कोरड्या ओठांनी टर्बाइनच्या फेऱ्या मारत असे. एके दिवशी पाळी संपताना तो म्हणाला, आज घरी चला, वडिलांनी बोलावले आहे. वडिलांना मी कोण हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. घरापासून लांब राहणारा, संध्याकाळी एकटा जेवणारा माणूस आपल्या मुलाच्या पाळीत आहे, एवढे त्यांना पुरेसे वाटले असावे.

लांबट बैठकीची खोली होती. भिंतीलगत लोड-गाद्या आणि मधोमध जमिनीवर प्लास्टिकचे लांब दस्तरखान. त्यावर खजुरांच्या बशा, ताकासारख्या लबनचे पेले, कापलेले कलिंगड, तळलेले तिकोनी संबुसे. एका पसरट भांड्यात हरीस होता: गहू आणि मांस तासन्‌तास शिजवून, घोटून एकजीव केलेला, वर केलेल्या खळग्यात तूप. मोठ्या परातीतला भात चंदेरी कागदाखाली झाकलेला. सगळे बसलेले होते आणि कुणी कशाला हात लावत नव्हते. सात-आठ वर्षांच्या नातवाने एक खजूर आधीच उचलून मुठीत धरला होता, आणि तो इतका घट्ट धरला होता की त्याचा चिकट रस बोटांच्या फटींतून दिसत होता. टीव्हीवर मस्कतची मशीद दाखवत होते. पण सूर मस्कतच्या पूर्वेला आहे. तिथे सूर्य काही मिनिटे आधी मावळतो. यजमान आजोबांचे कान खिडकीकडे होते. गल्लीतल्या मशिदीतून अजान आली तेव्हा टीव्हीतले मस्कत अजून थांबलेलेच होते. पोराने मूठ उघडली. खजूर, पाण्याचे घोट, आणि लगेच पुरुष मंडळी नमाजासाठी उठली. खरे जेवण त्यानंतर सुरू झाले.

अजानच्या आधीच्या त्या चार-पाच मिनिटांकडे माझे मन अजून वळते. मी रोजा धरलेला नव्हता. दुपारी कॅन्टीनमध्ये, बिगरमुस्लिमांसाठी लावलेल्या पडद्याआड, पोटभर जेवलो होतो. माझ्यापुढे ठेवलेला खजूर मी दोन मिनिटे आधी खाल्ला असता तर धर्माने, कायद्याने, शिष्टाचाराने कुणी मला बोल लावला नसता. आजोबा तर खुणेने घ्या घ्या म्हणतच होते. पण माझा हात पुढे गेला नाही. त्या खोलीत थांबणे इतके सर्वांचे झाले होते की त्यातून बाहेर राहणे मला जमेना. उपास मला वाटून घेता येत नव्हता, पुण्य तर नाहीच. वाट पाहणे तेवढे वाटून घेता आले, आणि ते त्यांनी मला बिनशर्त दिले. तुझा रोजा आहे का, असे त्या संध्याकाळी मला कुणीही विचारले नाही.

नंतर कुराणाची भाषांतरे वाचताना एक गोष्ट नजरेत भरली. दुसऱ्या सूरेत जिथे रोजे सांगितले आहेत तिथेच आजारी माणसाला आणि प्रवाशाला सूट दिली आहे. त्यांनी चुकलेले दिवस पुढे भरून काढावेत. ज्याला ते मुळीच झेपत नाही त्याने गरिबाला जेवू घालावे. म्हणजे उपासाची आज्ञा आणि दुसऱ्याच्या पोटाची काळजी एकाच श्वासात येतात. परंपरेत असेही सांगितले जाते की जो रोजेदाराचा रोजा सोडवतो त्याला त्या रोजेदाराइतकेच पुण्य लागते, आणि रोजेदाराच्या पुण्यातून काही वजा होत नाही. व्यवहाराच्या हिशेबात न बसणारी ही वाटणी मला फार महत्त्वाची वाटते. प्रवाशाला उपासातून मोकळे केले आहे, पण पंगतीतून उठवलेले नाही.

जेवण झाल्यावर छोट्या कपांतून कहवा फिरला. आजोबांनी मुंबईची हिंदी काढली. तरुणपणी ते गलबतावर होते. सूर हे गलबते बांधणाऱ्यांचे गाव. मलबारचे सागवान तिथे यायचे आणि तिथून निघालेली जहाजे खजूर घेऊन मुंबईला, कधी आफ्रिकेच्या किनाऱ्याला जायची. परतताना तांदूळ, चहा, कापड. पैसा कोणता, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, रुपया. दुसरा होता कुठे? खरेच होते ते. आखातात तेव्हा भारताचा रुपया चालत असे. सोन्याच्या चोरट्या व्यापारात परकीय चलन वाहून जाऊ लागले म्हणून रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातापुरत्या निराळ्या रंगांच्या नोटा काढल्या, त्यांच्या क्रमांकाआधी ‘झेड’ अक्षर असे. हाजींसाठीही त्याच वर्षी वेगळ्या नोटा निघाल्या. कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचे चलन आणले. १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर आणखी काही देश दूर झाले. ओमानने मात्र १९७० पर्यंत तो वापरला. आणि त्या नोटा छापल्या जात होत्या नाशिक रोडच्या छापखान्यात, एकलहऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. कॉलनीतली मुले सायकलवर ज्या भिंतीशेजारून शाळेत जायची, त्या भिंतीआड छापलेला कागद या माणसाच्या कमरेच्या पट्ट्यात राहून दर्या ओलांडत होता. मी त्यांना हे सांगितले. त्यांनी नाशिक हे नाव दोनदा उच्चारून पाहिले, आणि मग मला विचारले: तुमच्यात उपास असतात ना? ते सोडताना तुमच्याकडे कोण येते?

प्रश्न साधा होता. उत्तर देताना मी अडखळलो नाही. आमच्यात घरच्या घरी सोडतात, एवढे सांगितले. पण तो प्रश्न माझ्याबरोबर भारतात आला.

आपल्याकडे उपासांना तोटा नाही. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, हरतालिका, महाशिवरात्र, नवरात्र. ते धरण्याचे नियम आहेत, सोडण्याचे नियम आहेत, काय चालते आणि काय चालत नाही यावर घराघरांत वाद आहेत. आषाढीला लाखो माणसे एकाच दिवशी उपाशी असतात. पण द्वादशीचे पारणे ज्याचे त्याच्या चुलीवर होते. व्रत हा बहुधा माझा आणि देवाचा करार असतो. नवसाचा, पापक्षालनाचा, सौभाग्याचा. तो पुरा झाला की मी जेवतो. त्या जेवणाला साक्षीदार लागत नाही.

आणि तरी पारणे आणि पाहुणा यांची गाठ आपल्याच पुराणाने सर्वांत जोरात घातली आहे. भागवताच्या नवव्या स्कंधात अंबरीष राजाची कथा येते. त्याने एकादशीचे व्रत केले, द्वादशीला पारण्याला बसणार तोच दुर्वास दारी आले. राजाने जेवायला थांबण्याची विनंती केली. ऋषी हो म्हणून यमुनेवर स्नानाला गेले आणि ध्यानात बुडाले. इकडे द्वादशी संपत आली. तिथी टळली तर व्रत वाया, आणि पाहुण्याआधी जेवावे तर अधर्म. ब्राह्मणांनी तोड काढली: पाण्याचा घोट घ्यावा, पाणी प्यायले की जेवल्यासारखेही होते आणि न जेवल्यासारखेही. राजाने तेवढे केले. दुर्वास परतले, त्यांनी ओळखले, संतापाने जटा उपटून कृत्या उभी केली, आणि मग सुदर्शन चक्र त्यांच्याच मागे लागले. कीर्तनात कथा इथवर रंगते. मला मात्र पुढचा भाग मोठा वाटतो. दुर्वास जिवाच्या भयाने तिन्ही लोक धुंडाळत पळत होते, त्याला वर्ष लागले. आणि ते वर्षभर राजा पाण्याच्या त्या घोटावरच थांबला होता. ऋषी शरण आल्यावर त्याने आधी त्यांना जेवू घातले, मग स्वतः जेवला. ज्या पाहुण्याने त्याचा जीव घ्यायला राक्षसी धाडली, त्याची तो वाट पाहत होता.

या कथेतले दुर्वास हक्काचे पाहुणे आहेत. तप आहे, मान आहे, शाप देण्याची ताकद आहे. त्यांना आधी वाढले नाही तर अनर्थ होतो. सूरच्या त्या खोलीत माझ्याजवळ यांपैकी काहीही नव्हते. मी रुसलो असतो तर कुणाचे काही बिघडले नसते. ज्याला नाकारून काहीही होणार नाही त्याच्यासाठी दस्तरखानावर जागा धरणे ही निराळी गोष्ट आहे, आणि अंबरीष मला त्या खोलीत बसलेल्या आजोबांच्या बाजूचा वाटतो.

परक्याच्या पानात जेवण्याचा मराठी इतिहास मोठा अवघड आहे. १८४९ मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंगांच्या भोवती परमहंस मंडळी जमली. जातिभेद मोडायचा म्हणून तिथे नव्या सभासदाने ख्रिस्त्याने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे, अशी रीत होती. हे सारे बंद दाराआड चाले. पुढे सभासदांच्या नावांची वही बाहेर पडल्याचे कळले आणि धास्तीने मंडळी विस्कटली. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आणि इतर मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. नावे वर्तमानपत्रात छापून आली, ग्रामण्य उभे राहिले, प्रायश्चित्तांपर्यंत गोष्ट गेली. एका पेल्याने पुणे काही वर्षे ढवळून निघाले. या माणसांच्या धैर्याविषयी मला आदर आहे. विशेषतः परमहंस मंडळीतल्या त्या विशी-पंचविशीतल्या पोरांविषयी, ज्यांना घरी जाऊन तोंड दाखवायचे होते. पण त्या पाण्याच्या घोटात एक उणीव राहिली, ती त्यांची नव्हे, काळाची. ते पाणी ज्याने दिले त्याचे नाव, घर, चेहरा या गोष्टीत कुठेच नाही. त्याचा पेला ही पिणाऱ्याची परीक्षा होती. त्याच्याबरोबर बसून कुणी चार गोष्टी बोलले का, हे कुणी लिहून ठेवले नाही. बंधन तोडण्यासाठी खाणे आणि बोलावले म्हणून जाऊन खाणे यांच्यात अजून बरेच अंतर चालायचे होते, आणि ते आपण अजूनही चालतोच आहोत.

कॉलनीत ते अंतर एका भिंतीएवढे होते. एकलहऱ्याच्या कॉलनीत विदर्भातले, खानदेशातले, मराठवाड्यातले लोक शेजारी शेजारी राहत; सोयगाव-मालेगावकडचे, जुन्या नाशकातले मुसलमान सहकारीही त्यात असत. ईदला शीरखुर्म्याचा डबा यायचा, दिवाळीला फराळाचे ताट जायचे. डबा रिकामा परत करायचा नाही ही दोन्हीकडची रीत, त्यामुळे एकदा सुरू झालेली देवघेव वर्षानुवर्षे चाले. झाकलेला डबा या दारातून त्या दारात बिनदिक्कत जात होता. माणूस मात्र उंबऱ्याशी थांबायचा. या बसा, पुन्हा कधी, असे म्हणून दोघेही सुटायचे.

बॉयलर विभागातला माझा एक सहकारी होता. तिसऱ्या पाळीत रमजान आला की तो पहाटे डबा उघडायचा, आम्ही त्याच्या भोवती बसायचो, गप्पा मारायचो. रोजात कोळशाच्या गिरण्यांपाशी, त्या धुळीत आणि उष्म्यात, त्याला मी कधी तक्रार करताना ऐकले नाही. इतक्या वर्षांच्या सोबतीत इफ्तारला त्याच्या घरी जाणे झाले नव्हते. ओमानहून परतल्यावर एकदा त्याला सहज विचारले, तुम्ही आम्हाला ईदला बोलावता, रोजा सोडायला का बोलावत नाही? तो विचारात पडला. मग म्हणाला, “साहेब, ईदला आलात की लगेच वाढता येतं. रोजात तुम्हाला बोलावलं तर तुम्हाला ताटासमोर बसवून थांबवावं लागणार. भूक आमची, आणि ताटकळायचं तुम्ही, हे बरं दिसेना.” माझ्या बाजूला विचार असा होता की ज्याने दिवसभर काही सोसले नाही त्याने सोडायला जाऊन बसू नये. त्याची अदब आणि माझी अदब समोरासमोर उभ्या होत्या, आणि मधली वाट दोघांनीही एकमेकांसाठी मोकळी ठेवली होती.

हे उत्तर ऐकल्यापासून मला वाटते की आपल्या गावांतल्या दुराव्याविषयी बोलताना आपण फक्त वैराचा शोध घेतो. वैर आहे; ते नाकारून चालणार नाही, आणि त्याला खतपाणी घालणारेही आहेत. पण पुष्कळसा दुरावा सभ्यपणाचा आहे. परक्या देशात यजमानाला माझ्या संकोचाचा पत्ता नसतो, मला त्याच्या नसतो. आमच्यात जुने काही घडलेले नसते, म्हणून जपायचेही काही नसते. गावात मात्र प्रत्येक ताटाआधी इतिहास येऊन बसतो: कोणत्या वर्षी कुठे काय झाले, कोणाच्या घरी काय चालते, लोक काय म्हणतील. सूरमधल्या दारात शिरणे सोपे होते याचे श्रेय मी स्वतःला देत नाही. अनोळखी माणसापाशी जाणे हे ओळखीच्या माणसापाशी जाण्याहून नेहमीच सोपे असते.

याच गोदावरीच्या काठाने खाली गेले की पैठण लागते, एकनाथांचे. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीवर होते. आणि परंपरा सांगते की जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले, तेच श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचेही गुरू. शेख महंमदांनी मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला. रा. चिं. ढेरे यांनी ‘मुसलमान मराठी संतकवी’ लिहून या सगळ्या मंडळींना आपल्यापुढे एकत्र आणून बसवले. विनोबांनी अरबी शिकून कुराण मुळातून वाचले आणि त्यातल्या निवडक आयतींचे संकलन केले. साने गुरुजींनी, ज्यांची ‘श्यामची आई’ १९३३ च्या फेब्रुवारीत आमच्या इथल्याच नाशिक रोडच्या तुरुंगात लिहून झाली, इस्लामी संस्कृतीवरही पुस्तक लिहिले. अशी यादी भाषणात फार वापरली जाते. मला तिच्यातून एवढेच दिसते की विचारांच्या पातळीवर मराठी माणसाने हे दार केव्हाच उघडले होते. स्वयंपाकघराचे दार उघडायला वेळ लागतो आहे.

राजकीय इफ्तारांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. तिथे छायाचित्र निघते. वाट पाहणारे थोडे असतात आणि त्यांच्याकडे लक्ष देणारे त्याहून थोडे. २०२३ च्या डिसेंबरात इराण, तुर्कस्तान, अझरबैजान आणि उझबेकिस्तान यांच्या मागणीवरून युनेस्कोने इफ्तारच्या रीतीभातींना मानवाच्या अमूर्त वारशात जागा दिली, ही बातमी मला त्यामानाने भावली, कारण तिच्यात घर, मोहल्ला, पोरांना स्वयंपाकात घेणे या गोष्टींचा विचार होता.

आता पंचांगाचा एक विषय, तो माझ्या मनात बरेच दिवस घोळतो आहे. दोन्ही समाजांचे महिने चंद्राचे. चंद्राची बारा आवर्तने म्हणजे साधारण ३५४ दिवस. सूर्याच्या वर्षाला अकराएक दिवस कमी. आपण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक महिना घालतो आणि श्रावणाला पावसात धरून ठेवतो. अकराव्या शतकात अल्-बिरुनीने भारताविषयी लिहिताना या अधिक मासाची बारकाईने दखल घेतली आहे. इस्लामपूर्व अरबांतही महिने पुढे-मागे करण्याची प्रथा होती. कुराणाने ती बंद केली. त्यामुळे रमजान ऋतूंतून फिरतो. एकलहऱ्याचा पाचवा संच सुरू झाला त्या १९८१ साली तो जुलैत होता. उन्हाळा, वसंत, थंडी असा उलटा फेरा घेत तेहतीस वर्षांनी, २०१४ मध्ये, पुन्हा जुलैत आला. आपली पद्धत सणाला शेताशी बांधते. पेरणी, नांगर, पोळा यांच्याशी. त्यांची पद्धत जगातल्या कुठल्याच देशाच्या वाट्याला कायमचा सोपा रोजा येऊ देत नाही, आणि कायमचा अवघडही नाही. एका माणसाच्या आयुष्यात डिसेंबरचा आखूड रोजा येतो आणि जूनचा लांबलचकही. मला दोन्हींत शहाणपण दिसते. एकाने मातीला मान दिला, दुसऱ्याने सगळ्या मातींना सारखे धरले.

पण यांतले कोणतेही पंचांग घ्या, प्रत्येक चांद्रमासात एक वद्य चतुर्थी असतेच. म्हणजे प्रत्येक रमजानात एक संकष्टी येते. चंद्रकोर अमावस्येनंतर एक-दोन दिवसांनी दिसते म्हणून ती सोळाव्या-सतराव्या रोजाच्या आसपास पडते. त्या दिवशी एकाच गावात दोन प्रकारची माणसे उपाशी असतात. एकाचा उपास सूर्य मावळला की सुटतो, दुसऱ्याचा चंद्र उगवला की. मध्ये दोन-अडीच तास.

मार्चमध्ये बॉयलर विभागातल्या त्या सहकाऱ्याला आणि भाभींना आम्ही आमच्या घरी रोजा सोडायला बोलावले. मी फोन केला तेव्हा तो लगेच म्हणाला, “अहो, त्या दिवशी वहिनींची संकष्टी आहे.” त्यांच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेले असते. मी म्हटले, म्हणूनच बोलावतो आहे. ते आले. खजूर त्यांनी आणले होते, फळे आम्ही कापून ठेवली होती, भजी गरम होती. नमाजासाठी मागची खोली झाडून ठेवली. नाशिकहून नमाजाची दिशा पश्चिमेला, जरा उत्तरेकडे कललेली, ती त्याने फोनवर पाहून घेतली. अजानच्या आधी आम्ही चौघे बसलो होतो. पत्नीने दिवसभरात चहाशिवाय काही घेतले नव्हते.

रोजा सुटला. नमाज झाली. पत्नी पाने वाढू लागली तेव्हा त्याने हात आडवा धरला. वहिनी अजून थांबल्या आहेत, जेवण त्यांच्याबरोबर. पत्नी म्हणाली, तुम्ही पहाटेपासून पाण्यावाचून आहात, मी निदान चहा घेतला आहे. तो म्हणाला, खजूर खाल्ला, पाणी प्यायलो, पोट शांत आहे. आता तरावीहला जाऊन येतो, तोवर तुमचा चंद्र उगवेल. भाभी पत्नीबरोबर स्वयंपाकघरात गेल्या आणि मोदकांच्या पाऱ्या करू लागल्या. पहिल्या दोन-तीन फाटल्या, मग जमल्या. तरावीहची रात्रीची नमाज आटपून मशिदीतून तो परतला तेव्हा दहा वाजून गेले होते. आरती, नैवेद्य झाला होता. चौघांची पाने एकदम वाढली: वरणभात, मटकीची उसळ, कोशिंबीर, मोदक, आणि भाभींनी आणलेली फिरनी.

जेवता जेवता भाभींनी विचारले, पुढच्या वर्षी रमजानात संकष्टी कधी येते. तारीख तेव्हा कुणालाच सांगता येईना. “जेव्हा येईल तेव्हा आमच्याकडे,” भाभी म्हणाल्या. “रोजा आम्ही सोडू, संकष्टी तुम्ही सोडा.”

पत्नी म्हणाली, “दूर्वा मी घेऊन येईन. तुमच्याकडे गच्चीवरून चंद्र दिसतो ना?”